बोली लावण्याआधी पैसे कसे द्यायचे ते ठरवा: ऑनलाइन लिलावात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची समुद्रातली मासेमारी बंद. होड्या शाकारून ठेवलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली आणि हातात मोबाइल. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत याच दिवसांत जुनं आउटबोर्ड इंजिन, जीपीएस, फिश फाइंडर यांचा शोध जोरात चालतो. हंगाम सुरू व्हायच्या आत इंजिन होडीवर चढायला हवं, म्हणून घाईही असते. किनाऱ्यावरची बाकीची मंडळीही आता ऑनलाइन लिलावांकडे वळली आहेत. कुणी जुनी पितळी समई शोधतं, कुणी शिवराई नाणी, कुणी सावंतवाडीच्या गंजिफाचा जुना संच, तर कुणी बँकेने ओढून आणलेली गाडी.

वस्तू कशी पारखावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पैसे कुठल्या वाटेने द्यावेत हे मात्र कुणी धड सांगत नाही, आणि माणूस फसतो तो बहुतेक वेळा तिथेच. हर्णै बंदरावर लिलाव लागतो तेव्हा गिऱ्हाईक सुरमईचा कल्ला उचलून बघतं, लालभडक आहे ना याची खात्री करतं आणि मग बोली बोलतं. पैशांचं मागेपुढे झालं तरी चालतं, कारण सगळे एकमेकांच्या ओळखीचे असतात. ऑनलाइन लिलावात कल्ला दिसत नाही आणि माणूसही दिसत नाही. तुमच्या हातात राहतो तो फक्त पैसे द्यायचा मार्ग, म्हणून तो आधी ठरवायचा आणि बोली नंतर लावायची.

पायरी १: लिलाव कुठल्या प्रकारचा आहे ते ओळखा

सगळ्याच ठिकाणांना आपण सरसकट ‘लिलावाची साइट’ म्हणतो, पण पैशांच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

काही साइट पैसे स्वतःच्या यंत्रणेतून घेतात आणि वस्तू न आल्यास परतीची हमी देतात. जुन्या मंडळींना ईबे इंडिया आठवत असेल. २००४ मध्ये बाझी डॉट कॉम विकत घेऊन ती आली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली. तिच्या पैसापे नावाच्या सोयीत पैसे आधी साइटकडे जात आणि मग विक्रेत्याला मिळत. अनोळखी माणसाकडून वस्तू घ्यायची हिंमत अनेकांना त्या सोयीमुळेच झाली.

दुसरा प्रकार नाणी, पोस्टाची तिकिटं, चित्रं विकणाऱ्या लिलाव संस्थांचा. इथे नोंदणी करावी लागते, बिल मिळतं, आणि बोलीच्या रकमेवर संस्थेचं कमिशन व जीएसटी चढतो. ५,००० ला घेतलेलं नाणं हातात पडेपर्यंत ५,००० चं राहत नाही. हा हिशेब बोलीआधीच करून ठेवा.

तिसरा प्रकार सगळ्यात धोक्याचा: नुसती जाहिरात. ‘सर्वात जास्त बोलणाऱ्याला देणार’ असं लिहून एखाद्या ग्रुपवर किंवा जाहिरातींच्या अ‍ॅपवर फोटो टाकलेला असतो आणि पैसे थेट विक्रेत्याच्या नंबरवर मागितले जातात. अशा ठिकाणी साइटची कसलीच हमी नसते. जुनी इंजिनं बरीचशी इथेच विकली जातात, म्हणून याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

चौथा प्रकार बँकांच्या आणि सरकारी ई-लिलावांचा. त्याचे नियम वेगळे, तेही शेवटाकडे बघू.

पायरी २: प्रत्येक मार्गाला दोन प्रश्न विचारा

वस्तू हातात येईपर्यंत पैसे कुणाकडे असतील? आणि वस्तू आलीच नाही किंवा भलतीच आली, तर पैसे परत मागायला कुणाचं दार ठोठवायचं, आणि किती दिवसांत?

या दोन्हींची स्पष्ट उत्तरं मिळत नसतील तर त्या मार्गाने अनोळखी माणसाला पैसे द्यायचे नाहीत. विक्रेता कितीही गोड बोलला, गाववाला निघाला, ‘तुमच्या मामांना ओळखतो’ म्हणाला, तरी नाही.

पायरी ३: मार्ग निवडा

साइटवरूनच, क्रेडिट कार्डाने: हा माझ्या मते नवख्यासाठी सगळ्यात सुरक्षित मार्ग. कारण सरळ आहे. व्यवहार वादात गेला तर तुमच्या बचत खात्यातली शिल्लक रिकामी झालेली नसते. वस्तू मिळाली नाही किंवा वर्णनाप्रमाणे नाही असं बँकेला लेखी कळवलं की बँक कार्डाच्या नियमांनुसार व्यवहारावर हरकत घेऊ शकते. याला चार्जबॅक म्हणतात, आणि मग आपली बाजू पुराव्यानिशी मांडायची जबाबदारी विक्रेत्यावर येते. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा तक्रारींना साधारण १२० दिवस मिळतात, पण तुमच्या बँकेच्या अटीत मुदत त्याहून कमी असू शकते. म्हणून ‘चतुर्थीनंतर बघू’ असं करू नका. खटकलं त्याच आठवड्यात कळवा.

चार्जबॅक म्हणजे आपोआप पैसे परत असंही नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, विक्रेत्याशी झालेलं बोलणं, पावती, पार्सलचा ट्रॅकिंग नंबर हे सगळं बँक मागते. जाहिरात विक्रीनंतर काढून टाकली जाते, तेव्हा स्क्रीनशॉट बोली लावायच्या आधीच घेतलेला बरा.

कार्डाची मर्यादा बँकेच्या अ‍ॅपमधून कमी करून ठेवता येते, ऑनलाइन वापर बंद-चालू करता येतो. या सोयी रिझर्व्ह बँकेने बँकांना सक्तीच्या केल्या आहेत, त्या वापरा. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातल्या साइटना तुमचा पूर्ण कार्ड नंबर साठवून ठेवता येत नाही. तेव्हा कुणी चॅटवर कार्डाचा फोटो मागितला, तर तिथेच व्यवहार थांबवा.

डेबिट कार्ड: हरकत घ्यायची वाट इथेही असते, पण निकाल लागेपर्यंत पैसे तुमच्या खात्यातून गेलेले असतात. क्रेडिट कार्ड नसेल तर लिलावासाठी वेगळं छोटं खातं ठेवा आणि लागेल तेवढीच रक्कम त्यात वळती करा. मच्छीमार सोसायटीचे किंवा आंबा-काजूच्या विक्रीचे पैसे जिथे जमा होतात, त्या खात्याचं कार्ड लिलावाच्या साइटवर टाकू नये.

यूपीआय: भाजीपासून डिझेलपर्यंत सगळं आपण यूपीआयवर देतो, त्यामुळे लिलावातही हात आपसूक तिकडे जातो. समोरासमोरच्या व्यवहाराला यूपीआयसारखं सोपं काही नाही. अनोळखी माणसाला आगाऊ द्यायला मात्र ते योग्य नाही. पैसे त्याच क्षणी समोरच्याच्या खात्यात पडतात आणि तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेली रक्कम बँक आपल्या मर्जीने मागे ओढू शकत नाही. व्यक्तीच्या खात्यावर पाठवलेले पैसे आणि नोंदणीकृत दुकानाच्या क्यूआरवर दिलेले पैसे यातही फरक आहे. दुकानाच्या व्यवहारात ‘माल मिळाला नाही’ अशी तक्रार करायला थोडी तरी जागा असते. रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर ते दुकानाच्या क्यूआरवर चालतं, व्यक्तीच्या खात्यावर नाही. लिलाव संस्थेला पैसे देताना याचा उपयोग होतो.

यूपीआयचा एक नियम घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. पिन फक्त पैसे देण्यासाठी लागतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. ‘तुमचं डिपॉझिट परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा’ असं कुणी म्हणालं तर तो तुमच्या खात्यातून पैसे काढतोय. व्यक्तीकडून व्यक्तीला येणारी ‘पैसे द्या’ ही मागणी १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर बंद झाली, पण क्यूआरची ही चाल अजून चालते. ‘पेमेंट अडकलंय, हे अ‍ॅप टाका, मी बघून देतो’ म्हणत मोबाइलची स्क्रीन आपल्याकडे घेणारेही आहेत. असं अ‍ॅप टाकायचंच नाही.

पिन टाकण्याआधी पडद्यावर येणारं नाव वाचा. ते बँकेच्या नोंदीतलं नाव असतं. विक्रेता स्वतःला अलिबागचा नाखवा म्हणवतो आणि पडद्यावर तिसऱ्याच राज्यातल्या माणसाचं नाव येतं, तर ‘ते माझ्या मेव्हण्याचं खातं आहे’ हे उत्तर मान्य करायचं नाही.

एनईएफटी आणि आरटीजीएस: बँकेच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवायचे हे मार्ग. दोन्ही आता चोवीस तास चालतात. आरटीजीएस २ लाखांपासून पुढे. पैसे परत येण्याच्या बाबतीत ते यूपीआयइतकेच कठीण, म्हणून लिलाव संस्था किंवा बँकेचा लिलाव अशा पडताळलेल्या खात्यांसाठीच वापरा. पैसे घेणाऱ्याचं खातं जोडताना त्याचं नाव दाखवायची सोय बँकांना २०२५ पासून द्यावी लागते. नाव जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

कॅश ऑन डिलिव्हरी: ऐकायला निर्धोक वाटतं, पण बहुतेक कुरिअरवाले पैसे घेतल्याशिवाय खोका उघडू देत नाहीत, आणि खोक्यात वीट निघाली तरी कुरिअरवाला जबाबदार नसतो. साइटच्या परतीच्या हमीसकट असेल तरच घ्या.

गिफ्ट कार्डाचे नंबर, क्रिप्टो, कुणाच्या तरी वॉलेटवर भरणा: विक्रेत्याने यातलं काही मागितलं की तो चोर आहे असं धरून चाला.

राहिला मध्यस्थाकडे पैसे ठेवायचा मार्ग, ज्याला एस्क्रो म्हणतात. वस्तू पोचली की मध्यस्थ पैसे सोडतो, त्यामुळे कल्पना उत्तम आहे. पण विक्रेत्याने स्वतः सुचवलेली, तुम्ही कधी नावही न ऐकलेली एस्क्रो साइट घेऊ नका. अशा खोट्या साइट खास याच कामासाठी उभ्या केलेल्या असतात. मध्यस्थ तुम्ही शोधा, पत्ता स्वतः टाइप करा, विक्रेत्याने पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका.

पायरी ४: समोरासमोर घेता येत असेल तर तसंच घ्या

जुनं ९.९ एचपीचं आउटबोर्ड इंजिन ग्रुपवर लिलावाला आहे आणि विक्रेता देवगडचा आहे असं धरा. तुम्ही दाभोळला. अंतर आहे, पण एका दिवसात जाऊन येण्यासारखं. जा. माणूस आणि इंजिन दोन्ही खरी आहेत का, हे एका फेरीत कळतं.

जाण्याआधी टोकन मागितलं जातं. मी म्हणेन, देऊच नका. द्यावंच लागलं तर गेलं तरी चालेल एवढंच द्या, आणि त्याआधी व्हिडिओ कॉल करून इंजिनच्या क्लॅम्पजवळच्या पट्टीवरचा सीरियल नंबर दाखवायला सांगा. नुसता फोटो नको, फोटो कुणाचाही असू शकतो. खरा मालक दोन मिनिटांत दाखवतो. खोटा माणूस ‘इंजिन भावाच्या घरी आहे’, ‘मी ड्यूटीवर आहे’ असं सांगत राहतो. सैन्यात किंवा नेव्हीत आहे, बदली झाली म्हणून स्वस्तात विकतोय, माल कॅम्पच्या गाडीतून येईल, फक्त गेटपासचे पैसे भरा, ही गोष्ट ऐकू आली की फोन ठेवा. ओळखपत्राचा फोटो पाठवला तरी ठेवा.

तिथे पोचल्यावर पाण्याच्या पिंपात इंजिनाचा पाय बुडवून चालू करायला लावा. थोड्या वेळात कुलिंगच्या पाण्याची धार बाहेर पडली पाहिजे. ती नीट येत नसेल तर मीठ बसलंय किंवा पंप गेलाय. सीरियल नंबर बिलाशी ताडून बघा. बिल दुसऱ्याच्या नावावर असेल, किंवा इंजिन कर्जावर अथवा अनुदानावर घेतलेलं असेल, तर सोसायटी किंवा बँकेचं येणं नसल्याचा कागद मागा. आमच्याकडे मालवणी माणूस सरळ म्हणतो, “आधी इंजिन चालू करून दाखव, मगे पैशे.” असं म्हणण्यात कुणाचा अपमान नाही.

सगळं पटलं की तिथेच, इंजिन टेम्पोत चढत असताना, यूपीआयने पैसे द्या. इथे यूपीआय अगदी योग्य आहे, कारण वस्तू तुमच्या ताब्यात आहे आणि व्यवहाराची नोंद राहते. यूपीआयवर व्यक्तीला साधारण दिवसाला १ लाखापर्यंत पाठवता येतात. मोबाइलवर एक रेघही रेंज नसेल अशी बंदरं आपल्याकडे आहेत, तेव्हा पेमेंट कुठे उभं राहून करायचं तेही आधी विचारून ठेवा. रोख द्यायची वेळ आलीच तर लेखी पावती घ्या: दोघांची नावं, तारीख, रक्कम, सीरियल नंबर, सही. आणि एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे, हे विक्रेत्यालाही सांगा.

पायरी ५: परदेशातून घेत असाल तर

कोकणाशी संबंधित बऱ्याच वस्तू आज बाहेरच्या लिलावांत दिसतात. आदिलशाहीतली, धातूची तार वाकवून केलेली लारी नाणी हे त्यातलं एक उदाहरण. एकेकाळी आपल्या बंदरांतून ती चालायची. अशा ठिकाणी कार्ड थेट वापरा किंवा पेपाल या ऑनलाइन पैसे भरायच्या सेवेतून कार्ड वापरा. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतातले व्यवहार बंद केले, पण परदेशी विक्रेत्याला पैसे देता येतात. खरेदीदाराला संरक्षण असतं आणि तक्रारीसाठी पैसे दिल्यापासून १८० दिवस मिळतात. परदेशातल्या ईबेची स्वतःची हमीही आहे, पण तिची मुदत वस्तू पोचल्यापासून ३० दिवसांची. विक्रेता ‘फी वाचवू, मित्राला पाठवल्यासारखे पाठवा’ म्हणाला तर नकार द्या. तसे पाठवले की संरक्षण जातं.

कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर पैसे देण्यापुरता चालू करा आणि लगेच बंद करा. साइट रुपयांत दर दाखवत असेल तरी विक्रेत्याच्या चलनातच पैसे द्या, रुपयांतला दर बहुधा महाग पडतो. बँकही साधारण २ ते ३.५ टक्के वर लावते. कस्टम ड्युटी वेगळी. ‘पार्सल कस्टममध्ये अडकलंय, २५ रुपये भरा’ असा मेसेज आला तर लिंक उघडू नका. पार्सल कुठे आहे ते पोस्टाच्या किंवा कुरिअरच्या साइटवर ट्रॅकिंग नंबर टाकून स्वतः बघा.

जुन्या नोटा-नाण्यांबद्दल आणखी एक. तुमचं नाणं लाखांत विकून देतो, आधी रिझर्व्ह बँकेचं कमिशन भरा, असं सांगणारे फिरतात. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी पत्रक काढून स्पष्ट केलं की ती अशा व्यवहारांत नाही आणि कसलंही कमिशन घेत नाही.

पायरी ६: लिलाव संपल्यावर सावध राहा

बोली हरलात आणि दुसऱ्या दिवशी मेल आला: ‘पहिल्या माणसाने माघार घेतली, वस्तू तुम्हाला देतो, पैसे या खात्यावर पाठवा.’ काही साइटवर अशी दुसरी संधी खरोखर देतात, म्हणूनच माणूस फसतो. खरी संधी साइटवर तुमच्या खात्यात लॉगिन केल्यावर दिसते. तिथे दिसली नाही तर ती नाहीच. जिंकलात तरी साइट सोडून व्हॉट्सअ‍ॅपवर पैसे द्यायचं कबूल करू नका. बाहेर दिलेल्या पैशांवर साइटची हमी लागू होत नाही.

पार्सल आलं की उघडण्याआधीपासून एकसलग व्हिडिओ काढा, वरचं लेबल नीट दिसेल असा. भरपाई मागताना हाच पुरावा सर्वात जास्त उपयोगी पडतो.

बँकेच्या लिलावातली गाडी, दुकान, घर

कर्ज थकलं की बँक ज्याखाली तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकते त्या सरफेसी कायद्याखालच्या लिलावात आधी अनामत भरावी लागते, बहुधा राखीव किमतीच्या (ज्याखाली मालमत्ता विकत नाहीत त्या किमतीच्या) १० टक्के. बोली लागली की अनामत धरून २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी, आणि उरलेले साधारणपणे विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. मुदत चुकली तर भरलेले पैसे जप्त होतात, म्हणून कर्ज मंजूर असल्याशिवाय बोली लावू नका. खाते क्रमांक फक्त विक्रीच्या नोटिशीतला आणि सरकारी लिलाव पोर्टलवरचाच घ्या. शाखेत जाऊन अधिकाऱ्याकडून ताडून घ्या. ‘साहेबांचं बघतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या खात्यावर एक रुपयाही नाही.

पैसे गेलेच तर

पहिला फोन सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, लगेच. लाज वाटून किंवा घरच्यांना काय सांगू या विचारात रात्र घालवू नका. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, बँकेला लेखी कळवणं आणि जवळच्या पोलिस ठाण्यात नोंद.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, तुमच्या नकळत, तुमची किंवा बँकेची चूक नसताना पैसे गेले आणि तुम्ही बँकेकडून कळल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. पण तुम्ही स्वतः पिन टाकून किंवा ओटीपी सांगून गेलेल्या पैशांना हे संरक्षण तसंच मिळत नाही. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फोन १४४४८.

साइटशी किंवा व्यावसायिक विक्रेत्याशी वाद असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार साइटने तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव साइटवर असायलाच हवं. घरातली एखादी जुनी वस्तू विकणाऱ्या खाजगी माणसाला मात्र हे नियम लागू होत नाहीत, तिथे पोलिस आणि दिवाणी कोर्ट एवढीच वाट उरते. ग्रुपवरच्या इंजिनासाठी देवगडची फेरी मारा असं मी म्हणतो ते यासाठीच.